झडतीबाईंच्या फुकटच्या दुपारी

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर झडतीबाई राहतात. हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव दारावरच्या पाटीपुरतंच उरलंय. कपडे शिवण्याच्या मोठ्या कारखान्याच्या फाटकावर त्यांनी उभी हयात काढली. शिफ्ट सुटली की बाहेर पडणाऱ्या बायकांच्या पिशव्या आणि खिसे तपासायचे, हे त्यांचं काम. बटणं, चेन, दोऱ्याची रिळं, एकदा तर कमरेला गुंडाळलेलं अख्खं कापड निघालं म्हणून सांगतात.

"पिशवीत काही असलं ना, की बाई पिशवीकडे बघतच नाही," त्या म्हणतात. "माझ्याकडे बघून हसते. हसली की मी समजायचे."

मी दुसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या खाली राहते आणि घरीच शिवणकाम करते. माप देताना माणसाला हलता येत नाही, म्हणून माणूस बोलतो. झडतीबाई आणि त्यांची सून, दोघीही माझ्याकडेच कपडे टाकायच्या, पण एकत्र कधी येत नसत. त्यामुळे ही हकीकत मला दोन्ही बाजूंनी कळली, आणि थोडी माझ्या डोळ्यांदेखत घडली.

नोकरी संपली, पाठोपाठ यजमान गेले, आणि झडतीबाई घरात बसल्या. घरात मुलगा आणि सून. नात शिकायला दुसऱ्या गावी. मुलगा फ्रीज दुरुस्तीच्या कामावर सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. सून बालवाडीत शिकवते. तिची शाळा दुपारी सुटते. म्हणजे दुपारभर घरात सासू आणि सून, दोघीच.

कारखाना सुटला तरी हाताची सवय सुटते थोडीच! सून बाजारातून आली की झडतीबाई उठून पिशवीत हात घालायच्या. वाईट हेतू नसायचा त्यात. "काय आणलंस बघते गं," म्हणत एकेक वस्तू ओट्यावर मांडायच्या आणि वर पिशवी झटकायच्या. सून काही बोलत नसे. गोरटेली, शांत, खालच्या आवाजात बोलणारी बाई. तिचा आवाज शाळेतच संपत असावा असं मला वाटायचं.

एके दिवशी सुनेनं वर्तमानपत्रातला एक तुकडा कापून झडतीबाईंच्या हातात दिला. आमच्या इथल्या पेपरात 'या आठवड्यात शहरात' म्हणून एक रकाना येतो. त्यात लिहिलं होतं, वाचनालयात मधमाश्यांवर व्याख्यान, प्रवेश मोफत.

"आई, जाऊन या ना. तेवढाच बदल."

"फुकट कोण कशाला बोलेल मधमाश्यांवर?" झडतीबाई म्हणाल्या. "काहीतरी गळ्यात मारणार."

तरी गेल्या. मागच्या रांगेत, दाराजवळ बसल्या. पळायची वेळ आली तर जवळ पडावं म्हणून. दीड तास एक गृहस्थ मन लावून बोलला आणि शेवटी त्यानं टेबलाखालून मधाच्या बाटल्या काढल्या. झडतीबाईंना इतका आनंद झाला की त्या रात्री त्यांनी ही गोष्ट मुलाला दोनदा सांगितली. "बाटली काढलीच शेवटी! मी म्हटलं नव्हतं?" मध मात्र चांगला होता, हेही म्हणाल्या. चाखायला फुकट दिला होता.

पुढच्या आठवड्यात दुसरा तुकडा आला, मग तिसरा. संग्रहालयात महिन्यातून एकदा तिकीट नसतं. नगरपालिकेच्या बागेत बँड वाजतो. रंगाचा कारखाना लोकांना आतून दाखवतात. नदीकाठी एक माणूस जुन्या पुलांची माहिती देत हिंडवतो, आणि शेवटी हळूच टोपी उलटी धरतो. झडतीबाई सगळीकडे जाऊन आल्या आणि सगळीकडे त्यांनी खोट काढली. बागेतला बँड म्हणे बूट बनवणाऱ्या कंपनीनं आणलेला, ढोलावरच नाव होतं. संग्रहालयातला रखवालदार एका दालनातून दुसऱ्या दालनात त्यांच्या मागे फिरला, कारण त्या मांडलेल्या भांड्यांऐवजी लोकांच्या पिशव्यांकडे बघत होत्या. पण गालावर जरा रंग चढला होता बाईंच्या. चालणंही सुधारलं होतं.

आणि मग त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

त्या दिवशी त्या कोटाच्या बाह्या आखूड करायला माझ्याकडे आल्या होत्या. मी टाचण्या लावत होते.

"ही मला एवढं बाहेर का काढते गं?" त्या एकदम म्हणाल्या.

"तुमचं मन रमावं म्हणून."

"वीस वर्षं नाही सुचलं ते आताच बरं सुचलं? आणि दर वेळी विचारते, 'किती वाजता याल, आई?' वर आणखी, 'निघालात की फोन करा.' मी कशाला फोन करू? मी काय पाहुणी आहे?"

मी म्हटलं, काळजी वाटत असेल. त्या आरशात माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेपुढे मला उगीचच हसू आलं, आणि लगेच वाटलं, मेले, हसले म्हणजे आता माझ्यावरही संशय.

"दुपारी आमच्याकडे कोण येतं?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? माझं मशीन चालू असतं."

"वर पावलं वाजतात?"

"नाही वाजत." हे अगदी खरं होतं. झडतीबाई बाहेर गेल्या की वर इतकं शांत व्हायचं, की मशीन थांबवल्यावर मला माझं भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. पण हे ऐकून त्यांचं समाधान झालं नाही. पावलं वाजत नाहीत म्हणजे कुणीतरी दबकत चालतंय, असा त्यांनी अर्थ लावला.

त्यांनी घरातच तपास सुरू केला. दुपारी बाहेरून आल्या की आधी नाकानं हवा ओढायच्या, मग डोळ्यांनी खोली चाळायच्या. एकदा त्यांच्या लक्षात आलं की दाराच्या घंटेचं बटण दाबलं तरी घंटा वाजत नाही. आत मीटरजवळ तिची वायर काढून ठेवलेली. सुनेला विचारलं तर म्हणाली, "सैल झाली असेल," आणि जोडून दिली. पुढच्या वेळी पुन्हा काढलेली. कुरियरवाला म्हणाला, दार वाजवलं, कुणी उघडलं नाही. सुनेचा फोन दुपारी बंद. झडतीबाईंच्या खोलीचा पडदा, जो त्या कधीही ओढत नाहीत, त्याच्या कड्या दांडीच्या मध्यावर सरकलेल्या. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पलंग. झडतीबाई चादर खोचतात ती त्यांच्या पद्धतीनं, पायाकडची दोन्ही टोकं आत दुमडून. आता ती कुणीतरी नव्यानं खोचलेली असायची. नीट, पण दुसऱ्या हातानं.

माझ्या पलंगावर कोण झोपतं? या एका प्रश्नानं बाईंची झोप उडाली.

मुलाला सांगायचं धाडस झालं नाही. त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीला फोन केला. या बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण मनात एवढं साठलं की माणूस कुणाला सांगतोय ते बघत नाही.

"अगं ताई, उघड आहे की," बहीण म्हणाली. "घंटा बंद, फोन बंद, पडदा बंद. आणखी काय हवंय तुला? चव्वेचाळीसची आहे ती, म्हातारी नाही झाली."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"मी बोलत नाहीये, तूच बोलतेयस. मी फक्त मोठ्यानं म्हटलं."

मला पुढे झडतीबाईंनी सांगितलं, की बहीण नको ते बोलली याचा राग आला नाही. आपण तेच ऐकायला फोन केला होता, याची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून संशय जात नाही.

गुरुवारी सुनेनं गुलाबांच्या प्रदर्शनाचा तुकडा दिला. झडतीबाई नटूनथटून निघाल्या, 'सहाला येते' म्हणाल्या, आणि समोरच्या बसथांब्याच्या आडोशाला जाऊन बसल्या. तीन बस सोडल्या. बसवाल्यांनी त्यांच्याकडे बघून हॉर्न वाजवले. थोड्या वेळानं एक माणूस फाटकापाशी आला. चाळिशीचा, अंगानं भक्कम, हातात काळी बॅग. त्यानं वर खिडक्यांकडे पाहिलं आणि आत शिरला. त्या उठल्या, रस्ता ओलांडला आणि जिना चढू लागल्या.

तो माणूस माझ्याकडे आला होता. माझ्या मशीनचा पट्टा तुटला होता आणि हा दुरुस्तीवाला कधी नव्हे तो सांगितलेल्या दिवशी उगवला होता. दार उघडंच होतं. झडतीबाई धापा टाकत दारात येऊन थबकल्या. तो जमिनीवर मांडी घालून मशीनच्या पोटात हात घालून बसलेला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काय हो मावशी, प्रदर्शन बंद होतं का?" मी विचारलं.

त्या तशाच वर निघून गेल्या. खरं म्हणजे तिथंच सगळं संपायला हवं होतं. पण आता एवढं चढून आलोच आहोत, तर तिसऱ्या मजल्यावर जाऊन बघायला काय हरकत आहे, असा त्यांनी विचार केला असावा.

त्यांनी आपल्याकडच्या किल्लीनं दार उघडलं, जराही आवाज न करता. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. मुलाच्या खोलीचं दार सताड उघडं. त्या बाजूला खाली गाड्यांचे पत्रे ठोकण्याचं गॅरेज आहे, त्याचा ठणठणाट नेहमीसारखा चालला होता. झडतीबाईंच्या खोलीचं दार मात्र लोटलेलं. त्यांनी ते बोटानं ढकललं.

पडदा ओढलेला होता. त्यांच्या पलंगावर सून झोपली होती, एकटी, भिंतीकडे तोंड करून, शाळेच्याच कपड्यांत. कानांत कापसाचे बोळे. त्यांच्या उशीवर तिनं स्वतःचा टॉवेल अंथरला होता, उशी खराब होऊ नये म्हणून, आणि पाय पलंगाच्या बाहेर काढून ठेवले होते, चादर मळू नये म्हणून. तोंड जरासं उघडं होतं.

झडतीबाईंनी काय केलं असेल? त्यांनी वाकून पलंगाखाली पाहिलं. मग हळूच कपाटाचं दार उघडून पाहिलं. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, आणि सांगताना त्या हसल्या नाहीत. कपाटात त्यांचेच कपडे होते. मग त्या तशाच उलट्या पावली बाहेर आल्या, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या.

दुरुस्तीवाल्याला सोडायला मी बाहेर आले तेव्हा त्या तिथंच होत्या.

"किल्ली विसरलात?" मी वर जाऊन विचारलं.

"नाही."

"मग आत कोण आहे?"

"सून झोपलीय."

"आणि?"

"आणि काय? झोपलीय." मग म्हणाल्या, "आजारी आहे का गं ती?"

मी म्हटलं, मला तरी तसं काही बोलली नाही. त्या सहापर्यंत पायरीवरच बसून राहिल्या. मी चहा नेऊन दिला तर कप खाली ठेवताना वाजू नये म्हणून त्यांनी तो हातातच धरून ठेवला. सहा वाजता उठून त्यांनी दार मोठ्यानं उघडलं आणि आत जाऊन सांगितलं, गुलाब चांगले होते.

हे इथवर निभावलं असतं. पण त्याच दुपारी बहिणीला राहवलं नव्हतं. तिनं भाच्याला, म्हणजे झडतीबाईंच्या मुलाला, कामावर फोन करून 'घरात जरा लक्ष दे रे' म्हणून सगळं तिखटमीठ लावून सांगितलं होतं. तो बिचारा सरळ माणूस. फ्रीजमध्ये बिघाड कुठे आहे ते शोधायचं तर फ्रीज उघडावा लागतो, एवढंच त्याला ठाऊक. रात्री जेवताना त्यानं बायकोला आईसमोरच विचारलं, "दुपारी घरी कोण येतं?"

त्या रात्री वरून पावलं वाजली. पुष्कळ वाजली.

दुसऱ्या दिवशी सून माझ्याकडे आली. हातात उसवलेला सदरा होता, पण तो तिनं माझ्या हातात दिलाच नाही.

"तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"काय?"

"माझ्यावर पाळत आहे ते."

मी म्हटलं, मावशींनी एकदा विचारलं होतं खरं. ती स्टुलावर बसली आणि तिचा तो खालचा आवाज आणखी खाली गेला.

"सकाळी शाळेत पाऊल टाकलं की सुरू होतं. 'बाई, यानं मारलं. बाई, शू आली. बाई, माझा डबा उघडत नाही.' तीसपस्तीस पोरं, सगळ्यांना एकाच वेळी बाई हवी असते. मला आवडतात गं ती. पण घरी आले की इथं 'सूनबाई, हे कुठाय? सूनबाई, जरा येतेस का?' जरा आडवी झाले की दार उघडून विचारणार, 'बरं नाही का?' पुन्हा दहा मिनिटांनी, 'डोकं दुखतंय का?' माझ्या खोलीत तर ते पत्रे ठोकणं. दोनतीन तास मला कुणी हाक मारू नये, एवढंच हवं होतं मला. मग काय करणार? शोधून शोधून फुकटच्या जागा काढल्या त्यांच्यासाठी."

"मग तसं सांगायचंस त्यांना."

"काय सांगू? तुम्ही घरात नको आहात मला, असं? ते सांगता येत नाही म्हणून तर कात्री घेतली हातात." ती उठली. "त्यांनी विचारायचं तरी होतं. त्यांच्या बहिणीला फोन केला, तुला विचारलं, बसथांब्यावर जाऊन बसल्या. मी समोर होते ना? मला सोडून सगळ्यांना विचारलं."

सदरा तसाच हातात घेऊन ती वर गेली.

पेपरातले तुकडे बंद झाले. घंटा पुन्हा जोडली गेली. सुनेनं घरातले सगळे पडदे बाजूला केले आणि दुपारी ती स्वयंपाकघरात, दार उघडं टाकून, खुर्चीवर ताठ बसू लागली. उठली की जाहीर करायची. "आई, मी गॅलरीत जातेय. एकटीच." "आई, फोन आलाय. शाळेतून आहे, बघायचाय?" आवाज अगदी गोड. झडतीबाईंना ते सहन होईना. माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." बहिणीशी तर त्यांनी बोलणंच टाकलं.

असे बरेच आठवडे गेले. मग एका गुरुवारी त्या कोट घालून बाहेरच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "मी कोर्टात चालले आहे."

सून घाबरून उठली. "कोर्टात? कशाला? कुणावर दावा लावताय?"

"कुणावर नाही. तिथं कुणालाही बसू देतात. फुकट. मी चौकशी केलीय."

"बसून काय करणार?"

"खोटं बोलणारी माणसं बघणार. घरी बघून बघून चुकलं, तिथं तरी न्यायाधीश सांगेल खरं काय ते." आणि दाराकडे जाता जाता म्हणाल्या, "सहापर्यंत येत नाही मी. पलंग रिकामा आहे."

सून काही झोपली नाही. आता तिला वाटायला लागलं, कुठेतरी पाणी मुरतंय. हा नवा सापळा असेल, बाई परत समोरच्या थांब्यावरच बसल्या असतील, म्हणून ती खिडकीतून रस्ता न्याहाळत बसली. पुढच्या गुरुवारीही तेच. मला म्हणाली, "खरंच कोर्टात जातात का गं? का तुझ्या घरात बसतात?" मी तिला आत बोलावून दोन्ही खोल्या दाखवल्या. तिनं पाहिल्याही. इतकी वर्षं एका घरात काढल्यावर दुसरं काय होणार!

झडतीबाईंना हे कळत होतं. तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी त्या माझ्या दारात थांबल्या आणि घराची किल्ली माझ्यापुढे धरली.

"ही ठेव तुझ्याकडे. सहाला घेईन."

"माझ्याकडे कशाला?"

"माझ्याजवळ नको. तिला सांग, किल्ली खाली आहे. मधेच यायचं म्हटलं तरी मला येता येणार नाही. आणि तूही देऊ नकोस, मी मागितली तरी."

मी वर जाऊन सांगितलं. सुनेनं ऐकून घेतलं. 'बरं' एवढंच म्हणाली. पण थोड्या वेळानं खाली आली, माझ्या हातातली किल्ली बघून गेली, आणि वर जाऊन तिनं आतून कडी लावल्याचा आवाज मला आला. त्यानंतर दुपारभर काही वाजलं नाही.

सहाला झडतीबाई आल्या, किल्ली घेतली, वर जाऊन तरीही कडी वाजवत उभ्या राहिल्या. दार उघडायला वेळ लागला. गालावर उशीच्या सुरकुत्या घेऊन सून दारात आली आणि म्हणाली, "काय झालं कोर्टात?"

झडतीबाईंनी सांगायला सुरुवात केली ती जेवणापर्यंत.

आता गुरुवार कोर्टाचा आणि मंगळवार आणखी कुठल्या तरी फुकटच्या जागेचा, ती झडतीबाई स्वतः पेपरात शोधतात. बाकीच्या दुपारी त्या दार लोटून आपल्या खोलीत रेडिओ ऐकतात, आणि हाक मारायची झाली तर आधी घड्याळ बघतात. नेहमी जमतं असं नाही. बहिणीशी पुन्हा बोलणं सुरू झालंय, पण हवापाण्यापलीकडे नाही.

शाळेला सुट्टी लागली तेव्हा सून एकदा त्यांच्याबरोबर कोर्टात गेली. संध्याकाळी दोघी जिना चढून येताना माझ्या दारापाशी थांबल्या. वाद चालला होता. मालकाच्या घरातून दागिना उचलल्याचा आळ आलेल्या कुणा मोलकरणीची साक्ष झाली होती.

"तिनंच घेतलाय," झडतीबाई म्हणत होत्या. "वकिलानं विचारलं तर डोळे वर नाही केले तिनं. पाहिलेस का तिचे डोळे?"

"पाहिले," सून म्हणाली. "दमली होती ती, आई."

झडतीबाई कठड्याला धरून एक पायरी चढल्या.

"असेल," त्या म्हणाल्या. "पुढच्या तारखेला कळेल."

आणि दोघी वर गेल्या.